दहा मीटरवरचे भाऊजी

पोहण्याच्या तलावाच्या तळाच्या फरश्या निखळल्या होत्या, म्हणून त्या आठवड्यात पाणी उपसायला काढलं होतं. पोहणाऱ्यांना सुट्टी होती, मला नव्हती. पंप, गाळण्या आणि क्लोरीन हे माझं खातं. दुपारी माझ्या पंपाच्या खोलीत डबा खायला दोघं नेहमी यायचे. एक माझ्या ताईचा नवरा, आमचे भाऊजी. ते शेजारच्या हॉलमध्ये वजन उचलायला शिकवतात. दुसरे वरच्या मजल्यावर बुद्धिबळ शिकवणारे सर. त्यांना सगळे वजीर म्हणतात.

सगळ्यात कठीण खेळ कुठला, हा वाद त्या दिवशी वजीरांनीच उकरून काढला.

"सलग सहा तास एका जागी बसून डोकं चालवून बघा," ते म्हणाले. "एका स्पर्धेत माझं चार किलो वजन उतरलं होतं."

"खुर्चीत बसायला एवढा दम लागत असेल तर आपल्या ऑफिसातला कारकून जगज्जेताच म्हणायचा," भाऊजी म्हणाले. "अहो, दीडशे किलोचा बार डोक्यावर धरायचा असतो. सगळा खेळ चार सेकंदांचा. तेवढ्यात मन जरा हललं की मनगट गेलंच समजा. अंगही तिथेच लागतं आणि डोकंही."

"आणि उंचावरून सूर मारणं?" मी विचारलं.

"मेहुणीबाई, पडायला काय लागतं हो? ते तर गोणीलाही जमतं."

दोघं खो खो हसले. मला ते झोंबलं. नऊ वर्षांपूर्वीपर्यंत मी दहा मीटरच्या कट्ट्यावरून सूर मारत होते. मी म्हणाले, "सूर राहू द्या. नुसतं वर जाऊन कडेला उभं राहून दाखवा."

भाऊजींनी तोंड पुसलं आणि उठले. त्यांना थांबवायला हवं होतं. तलावात जेमतेम गुडघाभर पाणी उरलं होतं, हे माझ्याइतकं कुणाला माहीत असणार? पण मला वाद जिंकायचा होता.

पाच मीटरपर्यंत जिना आहे, तिथून पुढे भिंतीला खिळलेली उभी लोखंडी शिडी. भाऊजी भराभर चढले. वर पोचल्यावर त्यांनी हात हलवला, चालत पुढच्या कडेपर्यंत गेले आणि खाली पाहिलं. मग आधी ते खाली बसले, आणि नंतर सावकाश पालथे झाले. कट्ट्याला तीन बाजूंनी कठडा आहे, पुढे काहीच नाही. तिथे त्यांचं डोकं बाहेर आलेलं दिसत होतं.

"नाटक पुरे झालं, या आता!" वजीर ओरडले.

 वरून एक बारीक आवाज आला. तो भाऊजींचा आहे हे कळायला मला वेळ लागला. "मी सरकतोय. कुणीतरी धरा मला. मी सरकतोय."

 वजीरांनी अग्निशमन दलाला फोन लावला. त्यांना बटणंही नीट दाबता येत नव्हती. "वीस मिनिटं म्हणतायत," ते म्हणाले. 

वीस मिनिटं भाऊजी टिकणार नव्हते. मी जिन्याकडे धावले.

शिडीच्या पहिल्या दांडीवर हात ठेवला आणि मी थबकले. नऊ वर्षांपूर्वी वरच्या कट्ट्यावरूनच माझी एक गिरकी चुकली होती आणि मी पाठीवर आपटले होते. तोंडातून रक्त आलं होतं. त्यानंतर मी पाचच्या वर पाऊल टाकलं नव्हतं. आता प्रत्येक दांडीला वाटत होतं, पुढची हाताला लागणारच नाही. हात ओले झाले. ओढणीला पुसायला एक हात सोडावा लागला, तेव्हा मी तिथेच डोळे मिटून लटकून राहिले. खाली उतरावं, माणसं येतीलच, असं चक्क मनात आलं. मग पुन्हा वरून तो आवाज ऐकू आला.

मी कट्ट्यावर रांगतच गेले आणि त्यांचा घोटा घट्ट धरला. त्यांचं सबंध अंग थरथरत होतं.

"भाऊजी, मी आहे. डोळे मिटा आणि मागे सरका."

"नाही जमणार. तू जा. तूपण पडशील."

 जे तोंडात आलं ते बोलले. "डॉक्टरांनी मला सूर मारायला बंदी केली होती असं मी तुम्हाला सगळ्यांना सांगितलं ना? ते खोटं होतं. त्यांनी परवानगी दिली होती. मी घाबरले होते, भाऊजी. आत्ताही घाबरलेय. माझे पायच उभे राहत नाहीयेत. म्हणून म्हणते, मला एकटीला इथे ठेवू नका."

 ते वीतभर मागे आले. मग आणखी वीतभर.

उतरताना मी खाली आणि ते माझ्या वर, दोन्ही बाजूंनी मी त्यांना हातांच्या कवेत घेतलेलं. त्यांचं वजन एकशे दहा किलो. ते निसटले असते तर मी काही त्यांना अडवू शकत नव्हते, हे मला ठाऊक होतं, त्यांनाही. "डावा पाय, आता उजवा," मी सांगत होते. अर्ध्यावर त्यांचा गुडघा आखडला. ते हुंदके देत होते, त्यांचा घाम माझ्या कपाळावर ठिबकत होता. माझी बोटं बधिर झाली होती. "उजवा पाय, भाऊजी. ताई संध्याकाळी विचारेल मला. उजवा." शेवटी पाय हलला.

पाचच्या कट्ट्यावर टेकलो तसे ते कोपऱ्यात जाऊन ओकले. मी तिथेच आडवी झाले. वजीर वर आले आणि आम्हा दोघांच्या मधे बसून नुसते आमचे हात चोळत राहिले. दलाची माणसं आली, त्यांनी आम्हाला लहान पोरांना रागवावं तसं रागावलं, आणि गेली.

संध्याकाळी ताईला भाऊजींनी स्वतःच सगळं सांगितलं. तिने आधी त्यांना झापलं, मग मला. मग दोघांना जवळ घेऊन रडली.

"ही नसती तर..." भाऊजी म्हणायला लागले.

"मीच पाठवलं होतं वर," मी म्हणाले. ते मला सांगून टाकायचंच होतं.

"मी काय कुक्कुलं बाळ होतो?" ते म्हणाले आणि उठून चहा टाकायला गेले. 

दुसऱ्या दिवशी व्यवस्थापकांनी शिडीच्या तोंडाशी जाळीचं दार बसवलं आणि किल्ली माझ्याकडे दिली. खोटं कशाला बोलू, मला फार बरं वाटलं.