युद्धातल्या मुलीचा आवाज

"मावशी, हुंदका शब्दाच्या आधी का नंतर?" महेकने विचारले.

"आधी. मग श्वास ओढायचा. मग 'दादा'." नीरजाने करून दाखवले.

मराठीत आलेल्या कित्येक कार्टूनमधली लहान मुले नीरजाच्या आवाजात बोलली होती. डबिंगची रीतच ती. मुले थकतात, अडखळतात, म्हणून मोठ्या बायका त्यांचे आवाज काढतात. हा जपानी चित्रपट मात्र युद्धात सापडलेल्या भावंडांचा होता आणि दिग्दर्शक धवलला खरीखुरी मुलगी हवी होती. भुशी धरणापाशी कणसे भाजून विकणाऱ्या नसीरची मुलगी महेक त्याने निवडली. तिला शिकवायला नीरजाला लोणावळ्याच्या या स्टुडिओत बोलावले. चित्रपटातल्या मुलीचे सगळे संवाद आपण घरी पाठ केलेत, हे नीरजाने कुणाला सांगितले नाही.

महेक काचेपलीकडच्या रेकॉर्डिंगच्या खोलीत गेली. शिकवल्याप्रमाणे रडली.

"कट!" काचेअलीकडून धवल म्हणाला. "हे तुझं रडणं नाहीये गं. मोठ्या बाईचं आहे. कार्टूनवालं."

नीरजा त्याच्या शेजारीच बसली होती.

"मावशींनी असंच सांगितलंय," महेक म्हणाली. पुन्हा तसेच झाले. त्यानंतरही तसेच. प्रत्येक वेळी नीरजाला थोडे बरे वाटत गेले.

धवलने घड्याळ पाहिले. "ताई, स्टुडिओ आजच्यापुरताच आहे. तुम्हीच करून टाकता?"

"बघते," नीरजा म्हणाली आणि इतक्या लगबगीने उठली की ओढणी खुर्चीत अडकली.

आत जाऊन तिने माइकचा स्टँड आपल्या उंचीला वर घेतला. आता महेक बाहेर धवलच्या खुर्चीजवळ उभी राहिली. आतल्यांना सूचना देण्याचा माइक तिच्या तोंडापाशी होता, तो चालूच राहिला होता. धवल दाराशी फोनवर बोलत होता.

पडद्यावर जळक्या शाळेच्या पायरीवर भाऊ पडला होता. तो आता उठणार नव्हता. नीरजाने हुंदका घशाशी आणला. तेवढ्यात हेडफोनमध्ये महेकचे पुटपुटणे आले.

"ऊठ की रे. काय मस्करी करतो? मी एकटी नाय जाणार, सांगून ठेवते."

त्यात रडणे नव्हते. नुसता राग होता. नीरजाच्या घशातला हुंदका तिथेच राहिला.

धवल परत आला. त्याने काहीच ऐकले नव्हते. "ताई, रेडी?"

नीरजाने हेडफोन काढले आणि ती माइकचा स्टँड पुन्हा आपल्या छातीपर्यंत, महेकच्या उंचीला, खाली घ्यायला लागली. स्क्रू घट्ट होता. दोन्ही हातांनी फिरवावा लागला.