भुतांच्या महिन्यातलं ऑपरेशन

ऑपरेशन झालं तर ली-चूला काय काय मिळणार होतं? रक्तातली साखर उतरली असती, गुडघे जरा गप्प बसले असते, आणि मुख्य म्हणजे लग्नसराईत मांडवातल्या चुलीपुढे उभं राहता आलं असतं. एकशेआठ किलो घेऊन तिला हल्ली अर्धा तासही उभं राहवत नव्हतं. आमच्या नेइमन गावात घरटी एक आचारी. इथं आचारीण खुर्चीत बसली की पुढच्या लग्नाची सुपारी दुसरीकडे जाते. ली-चूची धाकटी जाऊ तर टपूनच होती.

डॉक्टर गाननी कागदावर पोट काढलं आणि उभी रेघ मारली. "ही बाहेरची फुगीर बाजू काढून टाकायची. उरते ती केळ्याएवढी नळी."

जन्मभर डुकराची पोटं उलटी करून धुणाऱ्या ली-चूने कागद आपल्याकडे ओढला. "म्हणजे चारातले तीन भाग गेले. आतड्याला हात नाही?"

"नाही."

"मग भूक कशी कमी होते?"

"भूक लावणारं एक द्रव्य बहुतेक त्या कापलेल्या भागातच तयार होतं."

"आणि नाही जमलं, तर परत जोडून देता?"

"ते नाही व्हायचं. जन्मभर थोडं खायचं, सावकाश खायचं, जीवनसत्त्वांच्या गोळ्या घ्यायच्या. हादडायला लागलात तर नळीही सैलावते."

"कापलेल्याचं काय करता हो?"

"सूप नाही करत," डॉक्टर म्हणाले.

तारीख लगेच मिळाली, कारण चांद्र पंचांगातला सातवा, भुतांचा महिना लागला होता. भुतं मोकळी हिंडतात म्हणून त्या महिन्यात कुणी लग्न करत नाही, ऑपरेशनही नाही. ली-चूला तेवढीच सवड. सासूबाई मात्र हादरल्या. ऑपरेशनच्या दिवशी सकाळी डबा घेऊन थेट दवाखान्यात हजर! डब्यात डुकराच्या पायाच्या शेवया, अवदसा टाळायला.

"आई, रात्रीपासून उपाशी राहायला सांगितलंय."

"हे का जेवण आहे? दोन घास. माझ्या समाधानासाठी."

थोड्या वेळाने नर्सने विचारलं, "काही खाल्लंत?"

"खाल्लं नाही. अपशकुन काढला."

नर्सने तिच्या तेलकट ओठांकडे पाहिलं. भूल देणारे डॉक्टर धावत आले. भुलीत पोटातलं छातीत गेलं तर जिवावर बेतेल, म्हणाले. ऑपरेशन रद्द.

"आई," ली-चूचा नवरा आ-तिएन म्हणाला, "भुतांनी अजून काही केलं नव्हतं गं!"

नशीब, की भुतांना भिऊन दुसरा एक पेशंट पळाला आणि त्याच आठवड्यात जागा मिळाली. या खेपेला सासूबाई स्वतः दाराशी पहारा देत बसल्या.

दीड महिन्याने पहिलं लग्न आलं. जाऊ मुद्दाम डोकावली. "जाऊबाई, खुर्ची आणू?"

"आण की. पातेलं ठेवायला जागा नाहीये."

ली-चू शेवटच्या पंगतीपर्यंत उभी होती. प्रत्येक पदार्थाचा एक घास घ्यायची, आणि सहाव्याला पोट भरायचं. चाखलेलं टाकायचं नसतं, म्हणून वाडगा शेजारी आ-तिएनकडे.

आता हिशेब. पोटाचे तीन भाग ली-चूने दिले. लग्नसराई जावेची बुडाली. ली-चू चौदा किलो उतरली, त्यातले पाच आ-तिएनने आपल्या अंगावर घेतले.