हजेरीची भिंत

"ह्येवडा तुकडा कशाला रं ठेवलास, महिपत?" सरपंच सदूभाऊंनी दारातूनच विचारलं. "नव्या धोतराला जुना ठिगळ लावल्यासारका दिसतोय."

महिपत चुन्याचा कुंचा हातात धरून उभा राहिला. हजेरीच्या शेडच्या तीन भिंती त्याने सकाळपासून एकट्याने पांढऱ्या केल्या होत्या. चौथ्या भिंतीवर दोन हात रुंदीचा मळकट तुकडा तेवढा राहिला होता. त्यावर कोळशाने लिहिलेली तेवीस नावं होती.

"ऱ्हाऊंदे की," तो म्हणाला.

"मुंबईचे पाव्हणे येनार दुपारी. त्यांच्या पसंतीस उतरली तर शेड कायमची ऱ्हाईल. नायतर पाडून चिरे शाळेला न्यायचे, ठराव झालाय, तुला ठावं हाय. मुलगी बगायला कोन आला तर आपन घर सारवतो ना?"

सरपंच तसे वाईट नव्हते. पाहुणा म्हटला की त्यांच्या उत्साहाला उधाण यायचं, एवढंच.

गावावरच्या कातळी सड्यावरची ही बॉक्साइटची खाण बंद पडून पाच वर्षं झाली होती. कंपनीने जाताना यंत्रं नेली, वजनकाटा नेला, फोरमनच्या बंगल्याची दारंसुद्धा नेली. महिपतला रखवालदार म्हणून मागे ठेवलं, कारण तो नेण्याजोगा नव्हता. त्याआधी तो हजेरी घ्यायचा. कंपनीचं रजिस्टर होतंच, पण महिपतची पद्धत वेगळी होती. सकाळी खाली उतरणाऱ्या प्रत्येकाचं नाव तो या भिंतीवर कोळशाने लिही. सुरुंगाची वेळ झाली की माणसं वर येत आणि ज्याने त्याने आपलं नाव आपल्या हाताने खोडायचं. ज्यांना अक्षरओळख नव्हती त्यांना जागा पाठ होती. रघूला आपलं नाव म्हणजे खुंटीखालचं, एवढंच ठाऊक. सगळी नावं खोडली गेली की महिपत शिट्टी मारी. दुसऱ्या दिवशी ओल्या गोणपाटाने भिंत पुसून पुन्हा नावं.

एक्याऐंशीच्या मार्गशीर्षात एकदा सुरुंगाच्या आधीच कडा खाली आला. बावीस जण धावत वर आले आणि, माणसाची सवय बघा, धापा टाकत त्यांनी आधी आपापली नावं खोडली. तेविसावं तसंच राहिलं. ते महिपतच्या मुलाचं, बाबल्याचं. पुढे खाण उघडली नाही आणि भिंत कुणी पुसली नाही.

महिपत तेव्हा रडला की नाही, गावात कुणाला आठवत नाही. त्यालाही आठवत नाही. मांडी घालून फार वेळ बसलं की पाय आपला वाटेनासा होतो, तसं त्याचं आतलं सगळं झालं होतं. रोज शेड झाडायची, कौलं गळत नाहीत ना ते बघायचं, घरी जाऊन पेज प्यायची. शेड राहिली पाहिजे, एवढी एकच गोष्ट त्याला अजून हवीशी वाटे.

त्याने कुंचा चुन्यात बुडवला. नाव चुन्याखाली का होईना, राहील. भिंतच गेली तर काय राहणार? तीन हात मारले आणि तुकडा पांढरा झाला.

"आता कसा!" सरपंच म्हणाले.

दुपारी जीप आली. प्राध्यापक चिंतामणी बर्वे जुन्या कारखान्यांच्या, खाणींच्या इमारती शोधत हिंडायचे आणि जपण्याजोग्या वाटतील त्यांची यादी सरकारला द्यायचे. बंगला त्यांनी उभ्याउभ्या पाहिला. सुरुंगाच्या दारूची कोठी आवडली. मग ते जवळजवळ पळतच शेडमध्ये शिरले आणि मध्येच थांबले.

"नावांची भिंत कुठली? तुमच्या कंपनीच्या जुन्या सर्व्हेअरांनी मला सांगितलं होतं."

"हीच की!" सरपंच म्हणाले. "सोच्च करून घेतली, सायेब. तुमी येनार म्हनून."

बर्व्यांनी नखाने जरा खरवडलं. करडी भुकटी निघाली. कोळसा चुन्यात मिसळून गेला होता. ते तिथेच उंबऱ्यावर बसले.

"अहो, अशा शेडी शंभर मिळतील. मी या भिंतीसाठी आलो होतो."

"मग परत लिवील की महिपत! त्येच्याच हातचा अक्षर."

"नाही हो. ते खरं कसं होईल?"

येणार असल्याचं कळवताना बर्व्यांनी पत्रात 'आहे तसं राहू द्या' एवढं लिहायला हवं होतं. अर्थात आपल्याकडे ते लिहूनही कुणी ऐकलं नसतं. त्यांनी महिपतकडे पाहिलं. "तुम्हाला काहीच कसं वाटलं नाही पुसताना?"

"चुना चांगला घोटलेला हाय, सायेब," महिपत म्हणाला.

कोठी यादीत गेली. शेड राहिली बाहेर. जीप उतरणीला लागली आणि सरपंच मान खाली घालून तिच्यामागोमाग चालत गेले.

थोड्या वेळाने सड्याच्या पायवाटेने गोदा वर आली. पाच वर्षांत महिपतची बायको या बाजूला फिरकली नव्हती. शेड राहणार अशी पाणवठ्यावर बोलवा झाली होती, म्हणून ती जत्रेचं लुगडं नेसून आली होती.

"ठेवनार ना?"

"नाय. पाडनार."

ती आत येऊन चारी भिंती बघत राहिली. "आनि त्याचा नाव?"

"चुना मारला. मीच मारला."

गोदा ओरडेल, असं त्याला वाटलं. ओरडली असती तर बरं झालं असतं. ती जवळ आली. "कुठशी व्हता?"

त्याने तिच्या डोक्याच्या वीतभर वरची जागा दाखवली. गोदाला वाचता येत नव्हतं.

"लांब व्हता का आखूड?"

"आखूड. चार बोटा."

गोदाने टाचा उंचावून आपली चार बोटं त्या जागी आडवी टेकली.

"येवडाच?"

"येवडाच."

तिने हात काढला नाही. ऊन कलेपर्यंत ती दोघं तशीच उभी होती, आणि महिपतने तिला घरी चल म्हटलं नाही.