कंपनीचा ड्रेस

सौमित्र पहिल्यांदा स्कर्ट घालून चाळीच्या गॅलरीत आला तेव्हा नळाला पाणी आलेलं होतं, म्हणजे अख्खा मजला बाहेर. घोट्यापर्यंतचा काळा सुती स्कर्ट, त्याला दोन खिसे, वर पांढरा शर्ट. कापड त्याने हिंदमाताच्या बाजारातून आणलं होतं, शिवला होता बहिणीने, अक्षदाने. का घालायचा, याला त्याच्याकडे मोठंसं कारण नव्हतं. कॉलेजात एकदा असाच एक घालून बघितला होता. मोकळं वाटलं, आरशासमोर जरा जास्त वेळ उभं राहावंसं वाटलं. एवढंच.

"ह्या काय नेसलंस?" वडील दत्ताराम लुंगी सावरत दारात आले.

"स्कर्ट आहे, बाबा. ऑफिसला चाललोय."

"आत चल आधी. लोकांका काय सांगू मी?"

"तुम्ही लुंगीवर भारतमाता टॉकीजपर्यंत भाजी आणायला जाता, तेव्हा काय सांगता?"

"लुंगी ती लुंगी. माझो बापूस नेसायचो, आजो नेसायचो."

शेजारच्या नानांची कळशी भरून वाहत होती आणि नाना बघत होते. दत्तारामांनी त्यांच्याकडे पाहिलं, एकदा पोराकडे पाहिलं आणि कसंनुसं हसले.

"कंपनीचा ड्रेस आहे, नाना. कंपल्सरी केलाय म्हणे."

"अरेरे," नाना म्हणाले. "पोटासाठी काय काय करावं लागतं पोरांना."

सौमित्रने तोंड उघडलं. दाराआड आईने, सुभद्राने, हात जोडले. तो जिना उतरला.

संध्याकाळपर्यंत ती थाप चारही मजले फिरून आली. नाक्यावरच्या पोरांनी दोन दिवस शिट्ट्या मारल्या, मग कुणीतरी वडीलधाऱ्याने त्यांनाच झापलं, "गप रे, नोकरीचा प्रश्न आहे त्याच्या." बायका सुभद्राला विचारायच्या, दुसरीकडे का बघत नाही तो? शिव्या खायची सौमित्रची तयारी होती. भांडायला मुद्दे पाठ होते. लोक हळहळायला लागले, तिथे त्याचं काही चालेना.

ऑफिसात निराळंच. करी रोडचा पूल ओलांडला की लोअर परळच्या एका काचेच्या इमारतीत त्याची जाहिरात कंपनी. त्याची बॉस मनाली त्याला बघून चक्क टाळ्या वाजवायला लागली. खिडकीपाशी उभं करून फोटो काढला, कंपनीच्या पेजवर टाकला. 'आमच्याकडे प्रत्येकजण मनासारखा.' फोटोखाली शेकड्यांनी लाल बदाम पडले. त्या दिवसांत सौमित्र पुलावरून चालायचा तो रमतगमत, स्कर्ट वाऱ्यावर सोडून. घरात काही का म्हणेनात, आपली माणसं इथे आहेत, असं त्याला वाटायला लागलं होतं.

मग सिमेंटवाल्यांचं मोठं काम आलं. मनालीने त्याला केबिनमध्ये बोलावलं.

"गुरुवारी क्लायंट येतायत. जुन्या वळणाची माणसं आहेत रे. पॅंट घालून येशील? मला पर्सनली काहीच प्रॉब्लेम नाहीये."

"आणि शुक्रवारी?"

"त्यांची माणसं आता येत-जात राहणार. बघू ना."

गुरुवारी तो पॅंट घालून गेला. शुक्रवारीही. पेजवरचा फोटो तसाच होता.

त्याच सुमारास वरळीच्या दीपकशी अक्षदाचं लग्न जमलं. दीपकच्या आईने तो फोटो कुणाच्या तरी मोबाइलवर बघितलेला. दत्तारामांनी फोनवर तेच सांगितलं. कंपनीची सक्ती होती, आता बंद झालंय.

"दादा, मला काही वाटत नाही, तुला माहितीये," अक्षदा म्हणाली. "मीच शिवलाय. पण साखरपुड्यात त्यांनी विचारलंच तर बाबा म्हणतात तसं म्हण. माझ्यासाठी."

"दीपक खरंच आवडतो तुला?"

"आवडतो रे."

"बरं," तो म्हणाला.

परळच्या हॉलमध्ये साखरपुडा झाला. सौमित्र पॅंट-कोटात, हातात आइस्क्रीमचा ट्रे घेऊन पाहुण्यांत फिरत होता. पुढच्या रांगेत दीपकचे मामा रेशमी धोतराचा सोगा सांभाळत बसले होते. बाजूला दीपकची आई. तिने कप उचलला आणि मायेने विचारलं,

"सुटलास का रे बाबा त्या ड्रेसमधून? फोटो बघून जीव कळवळला माझा."

दत्ताराम मागेच उभे होते. हो म्हटलं की झालं असतं. बहिणीला तसा शब्दही दिला होता. पण त्या बाईचा स्वर इतका खरा, इतका हळवा होता की तो त्याला सोसवेना.

"ड्रेस कंपनीचा नव्हता, काकी," तो म्हणाला. "माझा होता. मला आवडतो म्हणून घालायचो. कंपनीनेच बंद करायला लावला."

स्टेजवर अक्षदाने मान वर केली.

आणि दत्ताराम हसले, मोठ्याने, पोट धरून. "लहानपणापासून असाच आहे हा! तोंड गंभीर ठेवून थापा मारतो."

आधी मामा हसले, मग दीपक, मग सगळी रांग. सुटल्यासारखे हसले सगळे. अक्षदाही हसली, भावाकडे न बघता. दत्तारामांनी त्याच्या खांद्यावर हात टाकला. लांबून बघणाऱ्याला कौतुक वाटलं असतं. बोटं हाडापर्यंत रुतत होती.

"कसला विनोदी आहे हो तुमचा मुलगा!" दीपकची आई डोळे पुसत म्हणाली.

ट्रेमधलं आइस्क्रीम पातळ व्हायला लागलं होतं. सौमित्र मागच्या रांगेकडे वळला.