गीतेवर हात न ठेवता

कोर्टाच्या शिपायाने भगव्या कापडातली गीता पुढे केली, तसे आसावरीने दोन्ही हात पाठीमागे नेले.

"नको. मला ते दुसरं चालेल. नुसतं वचन."

"चालेल ना," म्हणत त्याने गीता परत ठेवली आणि एक छापील कार्ड तिच्या हातात दिलं. साक्षीला बोलावलं की देवाचं नाव न घेता एवढंच वाचायचं होतं.

हे डोकं नवऱ्याचं. परीक्षितला कायदा कळत नसे, पळवाटा मात्र अचूक कळत. सकाळी बस स्टॉपवर त्याने बजावलं होतं, "गीतेला हात लावूच नकोस. ऑप्शन असतो तिथे. बिनशपथेचं बोललं की पाप नाही लागत. व्हिसाचा विचार कर, आसावरी. आपल्या अन्वीच्या स्कूलचा विचार कर."

खोटं तसं एवढंसंच होतं. घंटा वाजली नाही, इतकंच म्हणायचं. इंग्लंडमधल्या लीड्सच्या ज्या केअर होममध्ये, म्हणजे वृद्धाश्रमात, आसावरी काम करायची, तिथल्या रूथ नावाच्या आजी भर दुपारी खोलीत पडल्या आणि त्यातच गेल्या. त्या वेळी अख्ख्या मजल्यावर आसावरी एकटी होती. दुसऱ्या खोलीत एका आजोबांना हॉइस्टच्या, म्हणजे उचलायच्या यंत्राच्या, झोळीतून अर्धवट उचललं असताना तिने रूथच्या खोलीतली मदतीची घंटा ऐकली होती. त्यांना तसंच लोंबकळत ठेवून ती जाणार कशी? पण घंटा वाजली म्हटलं की एकटीच का होतीस, हे कोर्ट विचारणार. मग होम बंद पडणार, आणि होमबरोबर त्या नोकरीवर मिळालेला तिचा व्हिसाही जाणार. मॅनेजर ब्रेंडाने तिला चहा पाजून गोड आवाजात समजावलं होतं, "घंटा वाजलीच नाही ना, डिअर?"  आज कोर्टात रूथच्या मृत्यूची चौकशी होती.

"तुम्हीही शपथ घेत नाही?"

रूथचे भाऊ एडमंड कोर्टाच्या दाराबाहेर तिच्यापासून एका खुर्चीपलीकडे बसले होते. मधल्या खुर्चीवर त्यांची टोपी होती. आसावरीच्या हातातलं कार्ड पाहून त्यांचा चेहरा खुलला. "आम्हीही नाही घेत. आम्ही क्वेकर."

रूथ त्या ख्रिस्ती पंथाच्या, हे आसावरीला ठाऊक होतं. त्या डॉक्टरांनाही सरळ नावाने हाक मारत. ब्रेंडाने सोयीसाठी आसावरीची 'एव्हा' करून टाकली होती; रूथ मात्र सगळी अक्षरं नीट जोडून 'आसावरी' म्हणत.

"का नाही घेत?" तिने विचारलं. बिनशपथेचं पाप लागत नाही, असं कुणी जाणत्याने म्हणावं, एवढीच तिची आशा होती.

"शपथ घेतली म्हणजे एरवी खोटं बोललं तरी चालतं, असं होतं. आमच्याकडे खरं एकाच प्रकारचं." एडमंड किंचित हसले. "साडेतीनशे वर्षांपूर्वी आमच्या घराण्यातली एक बाई शपथ घेईना म्हणून यॉर्कच्या तुरुंगात गेली. तिथेच मेली. असे कितीतरी जण गेले, तेव्हा कुठे हे मिळालं."

त्यांनी कार्डाकडे बोट केलं. आसावरीने ते मांडीवर पालथं घातलं. गीतेवर हात ठेवून खोटं बोलली असती, तर घरी देवासमोर नाक तरी घासता आलं असतं. आता कुणापुढे घासणार?

एडमंडचा आवाज खाली आला. "रूथने कुणाला बोलावलंसुद्धा नाही, एकदम गेली, असं ब्रेंडा म्हणाली. तेवढ्यावरच मला झोप लागते."

म्हणजे खोटं बोलणं आता दयेचंही झालं. आसावरीला रडू यायला लागलं, तेवढ्यात आतून पुकारा झाला.

कार्ड वाचताना तिला स्वतःचाच आवाज परका वाटला. मृत्यूची चौकशी करणाऱ्या कॉरोनर बाईंनी शांतपणे विचारलं, "त्या दुपारी रूथची घंटा वाजली होती का?"

पहिल्या रांगेतून ब्रेंडाने 'नाही' अशी हलकेच मान हलवली. आसावरीने कठडा घट्ट धरला. घरी रेडिएटरवर वाळत घातलेला लेकीचा, अन्वीचा युनिफॉर्म तिच्या डोळ्यांपुढे आला. 

"वाजली," ती म्हणाली. "पुन्हा पुन्हा वाजत होती. मी एकटी होते. मला जाता आलं नाही."

पुढचे प्रश्न आले, तिने उत्तरं दिली. सगळं संपवून ती खाली उतरली, तेव्हा ब्रेंडाशेजारी तिच्यासाठी राखलेल्या जागेवर आता ब्रेंडाची पर्स होती. आसावरी भिंतीला टेकून उभी राहिली. 

तिच्यामागोमाग आत आलेले एडमंड मागच्या रांगेत डोळे पुसत होते. त्यांनी तिच्याकडे पाहिलं नाही. शेजारच्या खुर्चीवरची टोपी मात्र उचलून मांडीवर घेतली आणि खुर्ची रिकामी केली.