एकाच घोडीची आठ शिंगरं

नवशिक्या चालकांसाठी एकआसनी मोटारींची पहिली राष्ट्रीय स्पर्धा कझाकस्तानात अल्माटीजवळ सुरू होणार होती. निवेदनासाठी आयोजक सिंबातनं उतेगेन आगांना बोलावलं. चाळीस वर्षं घोड्यांच्या शर्यतींचं निवेदन गाजवलेला माणूस, मोटारींशी गाठ पहिल्यांदाच.

आठही गाड्या हुबेहूब सारख्या पाहून आगा हिरमुसले. "पोरी, यात तांबडा कोणता, करडा कोणता? एकाच घोडीची शिंगरं आणलीस की काय?"

"मुद्दामच, आगा. गाड्या सारख्या असल्या की चालवणारा कळतो."

"मग चालवणाऱ्यांची घराणी तरी सांग!"

शर्यत सुटली आणि भोंग्यातून आगांचा आवाज घुमला, "मेंढपाळाचा नातू पुढं! दंतवैद्याची लेक त्याला खेटून!" सारख्याच गाड्या पाहून कंटाळून निघालेले लोक माघारी फिरले. दुसऱ्याच फेरीत दंतवैद्याची लेक मेरुयेर्त गिरकी घेऊन मातीत रुतली. आगा कळवळले, "दमली बिचारी! पाणी दाखवा रे कुणीतरी!" सगळं मैदान हसलं.

शर्यत संपताच मेरुयेर्त तरातरा आगांकडे आली. "मी दमले नव्हते! टायर गार होते, पकडच घेईनात."

"मग आधी झूल घालायची ना!"

मेरुयेर्त चपापली. "असते हो आगा, टायर गरम ठेवायला खरंच झूल असते. पण इथल्या नियमात बसत नाही."

आगांनी सिंबातकडे वळून डोळे वटारले. "लेकरांना उघड्यानं पळवतेस होय गं?"

मेरुयेर्त राग विसरून खळखळून हसली.