पहिल्या खिडकीची जागा

दसऱ्याच्या सकाळी वासंती आठल्ये यांच्या घरातला चहा कडू झाला. चहा नेहमीचाच होता, साखरही नेहमीचीच. पण कप हातात घेऊन वासंतीबाई बाल्कनीत गेल्या आणि समोरच्या ब्लॉकखाली त्यांना पांढरीशुभ्र नवी मारुती दिसली. बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक, पुढे झेंडूची माळ, आणि बाजूला पेढ्यांचा डबा घेऊन उभी गिरिजा घोरपडे.

"अहो, हिने गाडी घेतली," वासंतीबाई आत येऊन म्हणाल्या.

"अच्छा? बरं झालं की," उल्हासराव पेपरातून डोकं न काढता म्हणाले.

हे 'बरं झालं' वासंतीबाईंना फार झोंबलं. त्या आणि गिरिजा एकाच सरकारी कार्यालयात, कस्तुरबा गांधी मार्गाजवळ, नोकरीला होत्या. आधी आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टर्समध्येही दोघी शेजारी. नोएडात कर्मचाऱ्यांची सोसायटी झाली तेव्हा दोघींनी एकाच वर्षी फ्लॅट घेतले. आणि या सगळ्या वर्षांत गिरिजा कायम एक पाऊल पुढे. बाजार खुला झाला आणि दरवर्षी काहीतरी नवं जिना चढून वर येऊ लागलं, ते आधी गिरिजाकडे आणि मग आठल्यांकडे. रंगीत टीव्ही तसाच आला, वॉशिंग मशीनही तसंच.

पण वाचकहो, वासंतीबाई म्हणजे कुणी साधीसुधी जळकी बाई नव्हे. त्या पुरोगामी विचारांच्या. भाजीला कापडी पिशवी नेणार, दिल्लीच्या हवेबद्दल संपादकांना पत्रं लिहिणार, स्वच्छ हवेच्या मोर्च्यात फलक धरून पुढे चालणार. मराठी मंडळात त्यांनी 'रस्ता सगळ्यांचा' या विषयावर भाषण केलं होतं. एका गाडीत एकच माणूस बसतो आणि दहा जणांची जागा अडवतो, असं त्या म्हणाल्या तेव्हा टाळ्याही पडल्या होत्या. त्यामुळे आता 'मला हेवा वाटतोय' असं म्हणायची सोय उरली नव्हती. त्यांनी उल्हासरावांना सांगितलं, "मला वाईट वाटतं ते पर्यावरणाचं." मत्सराला असं तत्त्वाचं स्वेटर घातलं की तो थंडीतही बाहेर हिंडायला मोकळा होतो.

सोसायटीतून ऑफिसला जायला बलबीरसिंगची बस होती. दिल्लीत तिला चार्टर्ड म्हणतात. बेचाळीस सीट, सगळी नोकरदार माणसं, प्रत्येकाची जागा ठरलेली. थंडीत बायका बसमध्ये मटार सोलायच्या, स्वेटर विणायच्या, कुणाला बढती मिळाली की बर्फी वाटायच्या. या बसच्या पुढारी वासंतीबाई. सीटची यादी त्यांच्याकडे, कुणासाठी दोन मिनिटं थांबायचं ते त्या ठरवणार. दाराला लागूनची पहिली खिडकी त्यांची. त्या जागेपुढे दुसरी सीट नव्हती, त्यामुळे पाय ऐसपैस पसरता येत. आठ वर्षं ती जागा त्यांनी कुणाला दिली नव्हती.

तिसऱ्या रांगेत लता सोनटक्के बसायच्या. स्टेनोग्राफर, पन्नाशी उलटलेल्या, जिभेने तिखट. लहानपणच्या पोलिओमुळे उजव्या पायाला मांडीपर्यंत लोखंडी पट्ट्यांचा आधार होता. अरुंद सीटमध्ये तो पाय मावायचा नाही, बाहेर यायचा. बलबीरसिंग त्यांच्यासाठी बस अगदी फुटपाथला चिकटवून उभी करी. शहरातल्या इतर बसमध्ये धडधाकट माणसाचेही दोन्ही पाय पायरीवर टेकायच्या आत गाडी सुटायची, तिथे लताताईंचं काय होणार?

दसऱ्यानंतर बसमध्ये आठवडाभर एकच विषय होता. गिरिजाच्या गाडीत हीटर आहे. गिरिजा आता आठला निघाली तरी वेळेत पोचते. वासंतीबाई पहिल्या खिडकीत बसून हे ऐकत होत्या, आणि बाहेरून ती पांढरी गाडी बसला मागे टाकून गेली की सुईवरचे टाके सुटत होते. एकदा तर गिरिजाने जाता जाता हात केला. त्या दिवशी वासंतीबाईंचं पत्र टाइप करताना तीनदा चुकलं.

मग व्हायचं तेच झालं. गुढीपाडव्याला आठल्यांच्या दारात लाल मारुती आली. गिरिजाच्या गाडीत हीटर होता, हिच्यात एसीसुद्धा होता.

"आई, तूच म्हणाली होती ना, रस्ता सगळ्यांचा?" अवनीने विचारलं. ती दहावीला होती आणि दिल्लीत वाढलेल्या मुलांसारखी थेट बोलायची.

"बेटा, ते भाषण होतं," वासंतीबाई म्हणाल्या, आणि आपण काय बोललो हे ऐकून स्वतःच चपापल्या. नंतर मात्र त्यांनी तुझ्या बोर्डाच्या परीक्षेसाठी गाडी हवीच होती, असं तिला पटवलं.

पुढारीणच उतरली म्हटल्यावर बस कोण धरून ठेवणार? गिरिजाच्या ब्लॉकमधल्या पाच जणांनी तिचाच सल्ला घेऊन गाड्या घेतल्या, आणखी काही जण इकडेतिकडे पांगले. डिसेंबर उजाडेपर्यंत बसमध्ये पंचवीस माणसं राहिली. बलबीरसिंगने सांगून टाकलं, "बत्तीस से कम में नहीं चलेगी जी. नए साल से बस स्कूल को दे दूँगा." सीटची यादी आता लताताईंकडे होती.

त्याच महिन्यात एका धुक्याच्या सकाळी वासंतीबाई गाडी घेऊन गेटबाहेर आल्या तर लताताई एकट्याच उभ्या दिसल्या. बलबीरसिंग बस शाळेला दाखवायला घेऊन गेला होता. बाकीचे लोक रिक्षा, टेम्पो, जे मिळेल त्याला लटकून गेले होते.

"बसा ना, ताई," वासंतीबाईंनी दार उघडलं. लताताईंनी पायाच्या आधाराचा गुडघ्याजवळचा खटका सोडला, पाय दोन्ही हातांनी उचलून आत घेतला आणि बसल्या.

यमुनेच्या पुलावर गाड्यांची रांग हलत नव्हती. धूर आणि धुकं यातला फरक कळत नव्हता. वासंतीबाईंना खोकला लागला.

"बस बंद झाली की तुम्ही काय करणार?" त्यांनी विचारलं.

"राजीनामा टाइप करून ठेवलाय. आजवर दुसऱ्यांचे केले, हा पहिलाच स्वतःचा. एकही चूक नाही झाली बघ."

"असं काय करता, ताई! मी नेईन ना रोज. बिल्कुल काळजी करू नका."

"आणि तू रजेवर गेलीस की? आपलं दोघींचं बिनसलं की? तुला उशीर होत असेल आणि मी जिन्यात अडकले असेन, तेव्हा तुझ्या तोंडाकडे बघत उतरू?" लताताई शांतपणे म्हणाल्या. "वासंती, तू चांगली आहेस म्हणून आज मी ऑफिसला चालले आहे. पण कुणीतरी चांगलं आहे म्हणून नोकरी टिकत नाही. बसमध्ये मी कुणाची पाहुणी नव्हते, माझी सीट होती. तुझ्या भाषणात तू हेच म्हणाली होतीस. मी सगळ्यात जोरात टाळ्या वाजवल्या होत्या."

लताताईंनी काच पुसून बाहेर बोट दाखवलं. दोन गाड्या सोडून पांढरी मारुती उभी होती, आत गिरिजा एकटी.

"एका गेटातून निघालात, एकाच इमारतीत जाणार. आणि दोघी मिळून हा धूर खाताय."

"सुरुवात तिने केली!" वासंतीबाईंच्या तोंडून निसटलं. सत्तेचाळीस वर्षांच्या बाईला शोभणारं वाक्य नव्हतं ते, पण खरं तेवढंच होतं.

लताताई हसल्या. "तिने का केली ते माहीत आहे? बसमध्ये सगळे तुझं ऐकायचे. मोर्च्याला निघालीस तेव्हा बसभर हाका मारल्यास, तिला सोडून. ती मला म्हणाली होती, वासंतीसारखं चार माणसांत बोलता आलं असतं तर मला गाडी कशाला लागली असती."

खरं सांगायचं तर हे ऐकून वासंतीबाईंना आधी गुदगुल्या झाल्या. गिरिजाला आपला हेवा वाटतो! दिवसभर त्या फायलींवर हसत बसल्या. लाज वाटायला संध्याकाळ व्हावी लागली. दोन बायका एकमेकींवर जळत होत्या, आणि त्या जळण्याचा धूर तिसरीच्या नोकरीवर बसला होता.

त्याच संध्याकाळी त्या समोरच्या ब्लॉकचा जिना चढल्या. दोन वर्षांनी. गिरिजाने दार उघडलं, बसवलं, आणि चहा करायला जरा जास्तच वेळ लावला.

"गिरिजा, बस वाचवायची तर सात माणसं हवीत. तू, मी आणि तुझ्या ब्लॉकमधले पाच. ते तुझं ऐकतात. माझं नाही ऐकणार."

गिरिजाने कप खाली ठेवला.

"तुझं भाषण मी ऐकलं होतं. मागच्या रांगेत बसून. घरी येऊन यांना म्हटलं, बोलते मात्र छान." मग म्हणाली, "मलाही कंटाळा आलाय गं त्या पुलावर एकटीने बसून. तुमची बस बाजूने जायची, आत सगळे हसत असायचे. पण गाडी घेऊन परत बसमध्ये बसलं तर लोक म्हणतील, पेट्रोल परवडत नाही."

"मग दोघी बसू. दोघींना म्हणू देत."

"येईन. पण पहिली खिडकी मला हवी."

वासंतीबाईंना वाटलं, कुणी सोन्याची बांगडी मागितली असती तर बरं झालं असतं. आठ वर्षं! पण त्यांना तो बिनचूक टाइप केलेला राजीनामा आठवला.

"घे," त्या म्हणाल्या.

पुढचे तीन दिवस दोघी मिळून दारं वाजवत फिरल्या. आठल्ये आणि घोरपडे एका दारात उभ्या बघून लोक इतके चकित झाले की नाही म्हणायचं विसरले. आणि सगळ्यांचं दुखणं गिरिजासारखंच निघालं. पुलावर तासभर बसायला प्रत्येक जण वैतागला होता, पण गाडी दारात ठेवून पहिल्यांदा बसमध्ये कोण चढणार, हा प्रश्न होता. शनिवारी बत्तीस नावं झाली. बलबीरसिंगने यादी दोनदा मोजली आणि शाळेला फोन करायला निघून गेला.

नव्या वर्षाच्या पहिल्या सोमवारी गिरिजा नवी शाल पांघरून पहिल्या खिडकीत बसली. वासंतीबाईंना शेवटची रांग मिळाली, स्टेपनीच्या शेजारी. प्रत्येक खड्ड्याला त्या वीतभर वर उडत होत्या आणि प्रत्येक वेळी त्यांना पुढची ती शाल दिसत होती. शाल चांगलीच होती, हे आणखी वाईट.

पण शेवटच्या रांगेतून सगळी बस दिसते. पुढच्या सेक्टरच्या थांब्यावर एक गृहस्थ चढले आणि मागे येताना लताताईंचा पाय ओलांडू लागले. त्यांची बॅग लोखंडी पट्टीवर आदळली. लताताईंनी डोळे मिटले, दोन्ही हातांनी पाय आत ओढला, "कोई बात नहीं" म्हणाल्या, आणि तो पाय पुन्हा बाहेर सरकला. त्या गृहस्थांच्या मागून आणखी एक जण आला. पुन्हा तेच.

वासंतीबाई बघतच राहिल्या. आठ वर्षं हे रोज होत असणार. त्या पुढच्या दाराने चढत होत्या आणि लगेच बसत होत्या, त्यामुळे तो पाय त्यांना कधी ओलांडावाच लागला नव्हता. बसमध्ये पाय सरळ ठेवता येईल अशी एकच जागा होती, आणि तिच्यासाठी दोन धडधाकट पायांच्या बायका भांडत होत्या!

त्या उठल्या, दांड्याला धरत पुढे गेल्या. "गिरिजा, ऊठ."

"शब्द दिला होतास," गिरिजा म्हणाली.

"दिला होता. आता मागते आहे, पण माझ्यासाठी नाही." त्यांनी मागे बोट केलं. गिरिजाने वळून पाहिलं. तिसऱ्या रांगेत तेवढ्यात कुणीतरी पुन्हा पाय ओलांडत होतं. गिरिजा शाल आवरून उठली.

"ताई, इतक्या वर्षांत एकदा तरी बोलायचं," वासंतीबाई म्हणाल्या.

"बोलले असते तर तू दिली असतीस," लताताई म्हणाल्या. "आणि मग रोज सकाळी, जागा दिल्यासारखं माझ्याकडे बघितलं असतंस."

वासंतीबाईंनी मान खाली घातली. मग लताताईंच्या हातातली यादी घेतली, पहिल्या ओळीतलं नाव खोडलं आणि पेनाने लिहिलं, लता सोनटक्के. "आता कुणी देत नाही आहे. ही जागा तुमचीच आहे."

लताताई पहिल्या खिडकीत बसल्या. पाय समोर सरळ पसरला आणि खूप दिवसांनी चप्पल काढल्यासारखा श्वास सोडला. सबंध पुलावर त्यांनी तो एकदाही आवरला नाही.

नागरिकहो, फलक धरणं सोपं आहे, आणि टाळ्या मिळणं त्याहून सोपं. पण हवा भाषणाने स्वच्छ होत नाही. आपली मान शेजाऱ्याच्या दारातल्या गाडीकडे इतकी वळलेली असते की आपल्याच बसमध्ये कुणाला पाय ठेवायला जागा नाही, हे दिसत नाही. रस्ता सगळ्यांचा असं म्हणायचं असेल तर आधी आपली जागा सोडून मागच्या रांगेत जाऊन बसावं लागतं.

मागच्या रांगेत त्या दोघी खांद्याला खांदा लावून बसल्या होत्या. वासंतीबाईंनी पिशवीतून मटार काढले. गिरिजानेही काढले. गिरिजाच्या शेंगा चांगल्याच टपोऱ्या होत्या. वासंतीबाईंनी एकदा तिकडे पाहिलं, एकदा आपल्या शेंगांकडे पाहिलं.

"कुठून घेतल्यास?" त्यांनी विचारलं.

"ये उद्या माझ्याबरोबर," गिरिजा म्हणाली. "चालत जाऊ."